कच्च्या लिंबाला जागा द्या : आमच्या गटातल्या जुन्या खेळाडूंना खुले पत्र

प्रति,
रविवार रात्रीच्या 'एज ऑफ एम्पायर्स २' (कॉम्प्युटरवरचा, गाव वसवून फौज लढवायचा खेळ) गटातले सर्व जुने भिडू,
बडोदा

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री पावणेबाराला आपल्या गटातून एक माणूस निघून गेला. भांडण झालं नाही, निरोपही घेतला नाही. तिसरा डाव संपला, डिस्कॉर्डवरचा (खेळताना बोलायचं ॲप) त्यांचा आवाज बंद झाला आणि थोड्या वेळाने व्हॉट्सॅपवर गट सोडल्याची ती बारीक राखाडी ओळ उमटली. त्यावर कुणी काही बोललं नाही. आपण सगळे जास्तीच्या चौथ्या डावाचा नकाशा ठरवण्यात गुंतलो होतो. मीसुद्धा.

ते काका रावपुऱ्यात राहतात. बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगा परगावी, घरात त्याचा जुना पण चांगला कॉम्प्युटर पडून होता, आणि पूर्वी ऑफिसातल्या बुद्धिबळात ते हटकून पहिले यायचे. म्हणून मीच त्यांना म्हटलं होतं, काका, एकदा येऊन बघा. ते चार रविवार आले. सोमवारी सकाळी मी फोन केला तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचा खेळ छान आहे गं. पण माझ्यामुळे तुम्ही हरता, आणि माझं काय चुकतं ते मला शेवटपर्यंत कळत नाही."

या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पहिल्या अर्ध्याबद्दल त्यांची समजूत काढता आली असती. दुसऱ्या अर्ध्यावर मला उत्तर सुचलं नाही. चार रविवार आपण आठ-दहा अनुभवी माणसं त्यांच्या कानाशी बोलत होतो, आणि आपलं काय चुकतं हे त्या माणसाला कळलं नाही. यंदा असे गेलेले ते तिसरे. माझा भाचा अजून टिकून आहे, पण तो माझा भाचा आहे म्हणून.

आपण बहुतेक जण वाड्यात नाहीतर पोळात (इथल्या बंदिस्त गल्लीत) वाढलो. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात लपाछपी, डबा ऐसपैस, लंगडी असं काहीही सुरू झालं की कुणाचं तरी शेंडेफळ फ्रॉक सावरत येऊन उभं राहायचं. त्याला घालवून दिलं तर घरातून ओरडा मिळायचा, आणि खरा गडी म्हणून घेतलं तर पहिल्याच फेरीत त्याच्यावर राज्य येऊन ते रडायचं. त्यावर उपाय ठरलेला होता : हे कच्चं लिंबू. ते सगळ्यांबरोबर धावणार, सगळ्यांबरोबर लपणार, सापडलं तरी त्याच्यावर राज्य नाही. कुणी त्याला काही शिकवत नसे. पण ते खेळाच्या आत असे. कुठे लपलं की सापडत नाही, कुठल्या खांबाआडून पाय दिसतो, धप्पा देण्याआधी श्वास कसा धरायचा, हे सगळं ते आतून बघत असे. मग एखाद्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचं, "आता हिच्यावर राज्य येणार हं, ही कच्चं लिंबू नाही." माझ्याबद्दल ते वाक्य माझा चुलतभाऊ म्हणाला होता, आणि त्या दिवशीची माझी फुगलेली छाती अजून मला आठवते.

आपल्या खेळात ही जागाच नाही. आपण नव्या माणसाला थेट चार विरुद्ध चारच्या डावात उभं करतो. लॉबीत, म्हणजे डाव जुळवायच्या पडद्यावर, दोन्ही बाजूंच्या रेटिंगची (खेळाडूंच्या गुणांची) सरासरी जुळली की आपल्याला वाटतं डाव समान झाला. पण समोरच्यांना सरासरीशी लढायचं नसतं. त्यांच्या स्काउटला (टेहळणीच्या घोडेस्वाराला) पाचव्या-सहाव्या मिनिटाला कळतं की डावीकडच्या कोपऱ्यातल्या माणसाने अजून भिंत घातलेली नाही, आणि सगळे तिकडे वळतात. आर्पाद एलो हा मूळचा हंगेरीचा, अमेरिकेत स्थायिक झालेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. त्याने बुद्धिबळासाठी गुणांकनाची पद्धत बसवली, ती १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली आणि आज आपल्या खेळातही चालते. तिच्या हिशोबाने दोघांत ४०० गुणांचा फरक असेल तर दुबळ्याने जिंकण्याची शक्यता अकरात एक असते, आणि ६०० चा फरक असेल तर साधारण तेहतिसात एक. आपण बरेच जण १४०० च्या आसपास आहोत. काका आठशेच्या खाली होते. दर रविवारी तीन डाव धरले तर नुसत्या आकड्यांच्या भरवशावर त्यांना समोरासमोरचा एक विजय बघायला अडीच महिने लागले असते. माणूस तेवढे दिवस थांबतोही. पण हरता हरता काहीतरी हाताला लागतंय असं त्याला वाटलं पाहिजे.

आणि ते का लागत नाही, याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. मी त्या रविवारच्या पहिल्या डावाचं रेकॉर्डिंग काकांच्या बाजूने पुन्हा पाहिलं, आणि आपण काय बोलत होतो ते आठवून शेजारी लिहून काढलं.

डाव सुरू होतो तेव्हा पडद्यावर एक टीसी (टाउन सेंटर, गावाची मुख्य इमारत, जिथून माणसं निघतात), तीन व्हिलेजर (काम करणारे गावकरी) आणि एक स्काउट असतो. गाठीला २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. पहिल्या पाच सेकंदांत आपण टीसीतून चार व्हिलेजर लावतो, कारण एकाला ५० अन्न लागतं आणि २०० मध्ये चारच बसतात. हातातल्या तिघांना घरं बांधायला धाडतो, कारण टीसीत फक्त पाचांची सोय असते आणि आपली चार माणसं आधीच झालेली असतात. स्काउटला मेंढ्या शोधायला सोडतो. हे आपल्या बोटांत इतकं मुरलंय की त्यामागे कारणं आहेत हेच आपण विसरलो आहोत. त्यामुळे काकांच्या कानावर जे पडलं ते असं : "काका, घर बांधा. काका, मेंढ्या. स्काउट थांबलाय तुमचा. लूम घेतलात का? काका, घर, घर! हाउस्ड झालात बघा. आता बोअर आणा. असं नाही, मारून पळायचं. फ्युडलला क्लिक केलंत? अजून नाही?" (लूम म्हणजे व्हिलेजरचा जीव वाढवणारी सुधारणा, हाउस्ड म्हणजे घरं कमी पडून नवी माणसं थांबणं, बोअर म्हणजे रानडुक्कर, फ्युडल म्हणजे डावातलं पुढचं युग.) हे चार वेगवेगळे आवाज होते, त्यातले दोन एकाच वेळी बोलत होते, आणि त्यातला एक माझा होता.

यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. काकांनी जवळजवळ प्रत्येक वाक्य पाळलंही, रेकॉर्डिंगमध्ये ते दिसतं. "घर" म्हटल्यावर दहा सेकंदांनी घराचा पाया पडतो. "मेंढ्या" म्हटल्यावर मेंढ्या निघतात. आणि आपण जिथे गप्प होतो, तिथे त्यांचा पडदाही गप्प होतो. सहाव्या मिनिटाला आपण सगळे स्वतःच्या लढाईत शिरलो, त्यानंतर सव्वा मिनिट त्यांचा कर्सर जंगलाच्या कडेवर नुसता फिरत राहिला. ते पुढच्या हुकुमाची वाट बघत होते. चार आठवडे आपण त्यांना खेळायला शिकवलं नाही, आपल्यासाठी एक जास्तीचा हात तयार केला.

माझे आजोबा तालमीत जायचे. ते सांगायचे की मल्लखांबावर नवा पोर आला की वस्ताद त्याला सलामी आणि अढी यांच्या पलीकडे बरेच दिवस जाऊच द्यायचे नाहीत. अढी म्हणजे खांबाला पायांची घट्ट मिठी. ती बसली की पुढचं पोर स्वतःच चाचपतं, ती बसली नाही तर पुढचं सगळं शिकवूनही पोर खाली येतं. आणि पोर खांबावर असताना वस्ताद एकच शब्द बोलायचे. दहा शब्द कानात शिरले तर पाय सुटतो.

आपल्या खेळातली अढी कुठली, हे भाच्यामुळे मला दिसलं. तो नववीत आहे, बोटं माझ्यापेक्षा चपळ आहेत. मे महिन्यात तो आपल्याबरोबर खेळला तेव्हा त्याचे सगळे तिरंदाज पंधराव्या मिनिटाला एका फटक्यात गेले, आणि आपण त्याला अर्धा तास तिरंदाज मागे कसे घ्यायचे ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर रेकॉर्डिंग बघायला बसले. पहिल्या दहा मिनिटांत त्याचा टीसी सगळे तुकडे जोडून जवळजवळ चार मिनिटं रिकामा बसला होता. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात. दहा मिनिटांत २४ होतात. चार मिनिटं रिकामी म्हणजे नऊ व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत. मेंढीवर बसवलेला व्हिलेजर आपले ५० अन्न साधारण अडीच मिनिटांत फेडतो आणि पुढे डाव संपेपर्यंत नुसती कमाई करतो. म्हणजे पंधराव्या मिनिटाला भाच्याचे तिरंदाज गेले ते त्याच्या बोटांमुळे नव्हे. समोरच्याकडे तिरंदाज जास्त होते, कारण समोरच्याकडे माणसं जास्त होती. डाव सहाव्या मिनिटाला गेला होता आणि आपण पंधराव्या मिनिटाची दुरुस्ती करत बसलो होतो.

मग मी त्याला म्हटलं, दोन आठवडे कॉम्प्युटरशी खेळ, सगळ्यात सोप्या पातळीवर. हर, जिंक, काहीही कर. फक्त टीसी रिकामा ठेवायचा नाही. बाकी मी एक शब्द बोलणार नाही. पहिले तीन दिवस त्याला फार कंटाळा आला. चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मावशी, व्हिलेजर थांबू द्यायचे नसतील तर घर संपायच्या आधीच दुसरं बांधायला लागतं ना?" काकांच्या कानात आपण चार आठवडे "घर, घर" ओरडत होतो, ते या पोराला आपलं आपण सापडलं होतं. एका आठवड्यानंतर त्याला असंही कळलं की अन्नाला माणसं कमी पडली की टीसी थांबतो, मग मेंढ्या संपायच्या आधी बोअर आणायला हवं, आणि बोअर अंगावर येतं म्हणून आधी लूम घेतलेली बरी, कारण २५ जीव असलेला व्हिलेजर त्याने ४० चा होतो. एक धागा ओढला आणि अर्धी बिल्ड ऑर्डर, म्हणजे सुरुवातीच्या कामांचा ठरलेला क्रम, त्याच्या हाती आली, कारणांसकट. ती आता तो विसरणार नाही.

आता पुन्हा काकांकडे येते, कारण तिथे आपण सगळ्यात मोठी संधी घालवली.

बडोद्याचा माणूस पहिल्यांदा खेळातल्या राज्यांची यादी उघडतो तेव्हा त्याची नजर कुठे थांबणार? एप्रिल २०२२ मध्ये खेळाचा भारतावरचा जो नवा जोडभाग आला त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर ही तीन नवी राज्यं आली, आणि आधीच्या 'इंडियन्स'चं 'हिंदुस्तानी' झालं. काकांनी गुर्जर निवडले. त्या दिवशी त्यांचा आवाज किती उत्साही होता ते तुम्हालाही आठवत असेल. आपण लगेच म्हटलं, काका, ते अवघड आहे, ब्रिटन्स घ्या. त्यांनी ऐकलं नाही, गुर्जरच घेतले, आणि आपण त्यांना नेहमीचेच हुकूम देत राहिलो. पण गुर्जरांचं सुरुवातीचं गणित वेगळं आहे. त्यांच्या टीसीपाशी डावाच्या आरंभीच बेरीची झुडपं असतात, आणि मेंढ्या कापून खाण्याऐवजी गिरणीत ठेवता येतात. तिथून त्या जिवंत राहून थोडं थोडं अन्न देत राहतात. आज मेंढी कापली तर १०० अन्न लगेच हातात येतं. ठेवली तर सावकाश येतं, पण थांबत नाही. मुद्दल मोडायचं की व्याजावर बसायचं, आणि कधी काय करायचं, एवढाच हा प्रश्न आहे. ज्या माणसाने उभं आयुष्य बँकेत लोकांच्या मुदत ठेवी सांभाळल्या, त्याला हे आपल्यापैकी कुणाहीपेक्षा लवकर समजलं असतं. कुणी त्यांना ते या शब्दांत सांगितलंच नाही. आपण म्हणत होतो, "मेंढ्या खा, काका."

आणि याहून वाईट म्हणजे, कॅसल एज हे त्यापुढचं युग आल्यावर आपण त्यांना "नाइट काढा, काका, नाइट" असं सांगत होतो. गुर्जरांना नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, नसतो. रेकॉर्डिंगमध्ये दिसतं : काका तबेला उघडतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. तीन वेळा. त्यांना वाटलं असणार की आपल्यालाच तो सापडत नाहीये. त्यांनी विचारलंही नाही, कारण तोवर त्यांना विचारायचा संकोच वाटायला लागला होता. हे बघताना मला फार लागलं.

तुमच्यातले काही जण काय म्हणतील ते मला माहीत आहे. आम्हाला कुणी शिकवलं होतं? आम्ही मार खाऊनच शिकलो. हे मी स्वतःही म्हणायचे. पण आठवून बघा. १९९९ मध्ये हा खेळ आला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या हाती सीडीवरून पडला. विल्यम वॉलेसच्या, म्हणजे खेळातल्या नवशिक्यांच्या मोहिमेच्या, सात पायऱ्या आपण सुट्टीभर सावकाश चढलो. पहिल्या पायरीत तर नुसतं चालायला आणि लढायला शिकवतात. मग फतेगंजच्या सायबर कॅफेत शेजारच्या खुर्चीवर एखादा दादा असायचा, जो आपल्या पडद्यात डोकं घालून म्हणायचा, "हे का केलंस?" समोर जो असायचा तोही आपल्याइतकाच कच्चा असायचा. आपण सगळे एकाच वेळी कच्चं लिंबू होतो. आज नवा येणारा माणूस वीस वर्षं मुरलेल्यांच्या मध्ये येऊन पडतो. आणि मार खाऊन जे शिकले तेवढेच आज इथे हे म्हणायला उरले आहेत. जे गेले त्यांचं म्हणणं आपल्या गटात कुणी मांडत नाही.

दुसरं म्हणणं असं असेल की खेळातच शिकवण्या आहेत, २०१९ च्या आवृत्तीत 'आर्ट ऑफ वॉर'ची सरावाची आव्हानं आहेत, इंटरनेटवर हवे तेवढे व्हिडिओ आहेत. ती आव्हानं खरोखर चांगली आहेत, भाच्याला मी ती करायला लावली. पण ती वेळ मोजून पदक देतात. सुवर्णपदक हुकलं तर का हुकलं, ते शेजारी बसून कुणी सांगत नाही. आणि त्यातलं मराठीत किंवा गुजरातीत जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे येऊ पाहणारी मुलं मराठी किंवा गुजराती माध्यमातली आहेत. त्यांना शब्द कळतात, पण शब्दांमागचा विचार आपल्या भाषेत कुणी सांगितला की तो चटकन बसतो, मेंढीचं मुद्दल आणि व्याज बसतं तसा.

सूरसागरच्या काठाने जाताना संगीत महाविद्यालय दिसतं, तेव्हा मला दर वेळी एक गोष्ट आठवते. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली, तिचाच हा पुढचा वारसा. त्या काळी गाणं घराण्यात असायचं. शिष्याने वर्षानुवर्षं उस्तादांपाशी राहायचं, जे कानावर पडेल ते टिपायचं, आणि उस्तादांच्या मनात असेल तेवढंच मिळायचं. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, क्रमाने धडे लिहिले आणि ज्याच्या घरात गाणं नाही त्या मुलालाही शाळेत बसवलं. बडोद्याने हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी केलं आहे. आपण त्याच गावातले. आपल्याजवळची विद्या त्या मानाने लहान आहे, पण ती पोचवायची अडचण तीच आहे : जे आपल्या बोटांत आहे ते क्रमाने, कारणासह दुसऱ्यापुढे मांडायचं.

आता मागणी. मी फार मागत नाही.

रविवारच्या तीन डावांतला पहिला डाव नव्यांचा असू द्या. त्या डावात जुन्यांपैकी एकाने नव्या माणसाबरोबर एकच रंग घ्यावा. लॉबीत दोघांनी एकाच रंगाचा आकडा निवडला की एकच राज्य दोघांच्या हाती येतं, हे तुम्हाला माहीत आहे, आपण ते कधीतरी गंमत म्हणून खेळलोही आहोत. शिकवायला याहून चांगली सोय मला माहीत नाही. पहिले काही रविवार नव्याने फक्त गाव सांभाळावं, टीसी, मेंढ्या, लाकूड, घरं, आणि फौज जुन्याने बघावी. गाव कोसळायला लागलं तर जुन्याचा हात तिथेच आहे. मग अदलाबदल करायची. फौज नव्याकडे, गाव जुन्याकडे. नवा माणूस खऱ्या डावात आहे, त्याने केलेलं काम डावाला लागतं, आणि राज्य एकट्याच्या अंगावर येत नाही. वाड्याच्या चौकातलं कच्चं लिंबू हेच होतं.

त्या डावात आवाज एकाचाच, जो रंगात बरोबर आहे त्याचा. बाकीच्यांनी माइक बंद ठेवावेत. आणि त्यानेही डाव चालू असताना कमी बोलावं. जे सांगायचं ते डाव संपल्यावर, रेकॉर्डिंग उघडून, एकच चूक. एकच म्हणजे खरोखर एकच, आणि ती पहिल्या दहा मिनिटांतली. आपल्याला दहा दिसतील. नऊ पुढच्या रविवारांसाठी ठेवा. जुने वस्ताद एक डाव स्वतःसाठी राखून ठेवत, असं म्हणतात. आपण नऊ चुका राखून ठेवू, त्याच माणसासाठी.

मोठ्या डावात नव्याला घ्यायचंच असेल तर पॉकेटला ठेवा, दोन्ही बाजूंना आपली माणसं असतील असं. फ्लँकवर, म्हणजे कडेला, नको. आणि त्याने कुठलं राज्य घेतलंय ते डाव सुरू होण्याआधी विचारा, म्हणजे नसलेला नाइट कुणाला शोधायला लागणार नाही.

आणखी एक. अकरा नंबर. मार्चमध्ये एक मुलगी आली होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. बोअर आणताना तिचा व्हिलेजर मेला. कुणीतरी ११ दाबलं, तो खेळातला हसण्याचा आवाज सगळ्यांच्या कानात वाजला, आणि मग आणखी तिघांनी दाबलं. त्यातली एक मी होते. आपल्या आपल्यात आपण दिवसभर ११ दाबतो आणि कुणाला काही वाटत नाही, कारण आपण एकमेकांना वीस वर्षं ओळखतो. ती आपल्याला दोन रविवार ओळखत होती. ती पुन्हा आली नाही. नवा माणूस डावात असेल तेव्हा ११ पूर्ण बंद, एवढं आपण ठरवूनच टाकू. मी त्या मुलीला निरोप पाठवून माफी मागितली आहे.

वेळेची अडचण मला मान्य आहे. आठवड्यातून एक रात्र मिळते, घरचं सगळं आटोपून, मुलांना झोपवून आपण दहाला बसतो, आणि तेव्हा माणसाला स्वतःच्या पातळीचा कस लागणारा डाव हवा असतो. मलाही हवा असतो. म्हणून तीनातला एकच मागते आहे, आणि तोही पाळीपाळीने. आपण जुने चौदा जण आहोत. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-साडेतीन महिन्यांतून एक रविवार येईल.

काकांना मी परवा पुन्हा भेटले. त्यांच्या घराजवळ आम्ही सेव-उसळ खायला बसलो होतो, तिथे कागदी रुमालावर मी त्यांना गुर्जरांच्या गिरणीचा हिशोब काढून दाखवला. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि विचारलं की सगळ्या मेंढ्या ठेवल्या तर पहिल्या पाच मिनिटांत टीसीला अन्न कुठून येणार, मग काही कापायच्या, काही ठेवायच्या असं असेल ना, आणि किती, ते बेरीवर अवलंबून ना? कुणी न शिकवता ते बरोबर प्रश्नापर्यंत पोचले होते.

येत्या रविवारी ते नऊ वाजता येणार आहेत, आपल्या दहाच्या आधी तासभर. ते गुर्जर घेतील, मी त्यांच्याच रंगात असेन, गाव त्यांचं आणि फौज माझी. भाचाही असेल. समोरच्या बाजूने दोन जण हवे आहेत, जे अठराव्या मिनिटापर्यंत हल्ला करणार नाहीत आणि डाव संपल्यावर अर्धा तास रेकॉर्डिंगला थांबतील. कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत मला कळवा.

आपली,
गटातली एक जुनी भिडू
दांडिया बाजार, बडोदा